मलेरियावरची नवी कृत्रिम संयुगं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राच्या कार्यशाळा, पीएचडी कोर्सवर्कचे तास, शाळांतली विज्ञान दिनाची भाषणं आणि त्यानंतर येणारे फोन, व्हॉट्सअ‍ॅप. या सगळ्यांतून तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले आहेत: कुणी एमएस्सीला, कुणी शिक्षक, कुणी घरात तापाचा रुग्ण असलेले. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एकदा सांगितलेलं परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्याला आत्ता थंडी वाजून ताप भरलाय त्याने हे पान वाचत बसू नये. आधी रक्त तपासून घ्यावं.

१. मलेरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग नवं औषध शोधायचं कशाला?

परजीवी औषधाला सरावतात म्हणून. क्लोरोक्वीन १९४० च्या दशकाच्या अखेरीस सर्रास वापरात आलं. दहा-बारा वर्षांतच थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात त्याला दाद न देणारा फाल्सिपॅरम (मलेरियाच्या परजीवीची सगळ्यांत घातक जात) सापडला. भारतात तो १९७३ मध्ये आसामात दिसला. मग सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनची जोडी आली, तीही ठिकठिकाणी थकली. आज मदार आर्टेमिसिनिन गटावर आहे. पण आधी आग्नेय आशियात आणि आता रवांडा, युगांडात असे परजीवी सापडताहेत की ज्यांच्या केल्च-१३ जनुकात बदल झालाय आणि ते रक्तातून जायला जास्त वेळ लावतात. २०२३ मध्ये जगभरात अंदाजे २६.३ कोटी लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. नवा रेणू फ्लास्कमधून दवाखान्यात पोचायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आत्ताचं औषध पूर्ण निकामी झाल्यावर कामाला लागलं तर फार उशीर होईल.

२. मलेरिया गडचिरोलीत, मुंबईत. मराठवाड्याने त्यात डोकं का घालावं?

महाराष्ट्रातला मोठा भार तिकडेच आहे, हे खरं. पण आपली माणसं तिकडे जातात आणि परतही येतात. ऊसतोडीला, बांधकामावर, विटभट्टीवर गेलेला माणूस परजीवी रक्तात घेऊन गावी येऊ शकतो. इकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून घराघरांत हौद, टाक्या, ड्रम भरलेले असतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे दुष्काळ पडला की डास संपले, असं होत नाही.

दुसरं कारण रसायनशास्त्राचं. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न कॉलेजांत क्विनोलिन, पायराझोल, थायाझोल, चाल्कोन अशा संयुगांच्या गटांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. बाटल्या इथे भरलेल्या आहेत. त्यांची नीट चाचणी होत नाही, हे आपलं दुखणं. जाता जाता: रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला तो सिकंदराबादेत, निजामाच्या मुलखात. तेव्हा मराठवाडाही त्याच मुलखात होता.

३. क्विनीन आणि आर्टेमिसिनिन झाडातून मिळतात. मग कृत्रिम कशाला?

झाडावर हंगाम, भाव आणि पुरवठा या तिन्हींचा भरवसा नाही. क्विनीन १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळं केलं गेलं. ते प्रयोगशाळेत बनवायला निघालेल्या १८ वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती १८५६ मध्ये जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. पुढे १८९१ मध्ये पॉल एर्लिकने अशाच एका रंगाने, मिथिलीन ब्लूने, मलेरियाच्या दोन रुग्णांवर उपचार केले. पूर्ण कृत्रिम पदार्थाने मलेरियावर इलाज करण्याची ती सुरुवात. आर्टेमिसिनिन आजही मुख्यतः वनस्पतीतूनच काढतात आणि त्यावर प्रक्रिया करून आर्टेसुनेट बनवतात. कृत्रिम रेणूचा खरा फायदा असा की त्यातला हवा तो तुकडा बदलता येतो.

४. आमची आजी तापाला सागरगोटा द्यायची, सातविणीचा काढा द्यायची. त्यात औषध नाही का?

शोध घेण्यासारखं नक्की आहे. आर्टेमिसिनिनही जुन्या चिनी उपचारग्रंथातला धागा धरूनच सापडलं, आणि त्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण सातवीण आणि सागरगोटा असलेलं आयुष-६४ हे तयार औषध व्हायवॅक्स (परजीवीची दुसरी एक जात) मलेरियात क्लोरोक्वीनशेजारी ठेवून तपासलं तेव्हा ते बरंच कमी पडलं. ताप उतरणं वेगळं आणि रक्तातला परजीवी मरणं वेगळं. काढा घ्यायचा तर घ्या, पण त्यापायी रक्ततपासणी लांबवू नका.

५. नवा रेणू सुचतो कसा? कुठून सुरुवात करतात?

वाटा तीन, आणि त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली वाट जुन्या औषधाची डागडुजी. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. चुलीतली राख रोज बाहेर टाकावी, तसं. क्लोरोक्वीन आम्लारी आहे. ते परजीवीच्या आम्लधर्मी पोकळीत साठतं आणि ही राख टाकण्याचं कामच अडवतं. मग परजीवीने काय केलं, तर पीएफसीआरटी नावाच्या प्रथिनात बदल करून औषधच पोकळीबाहेर काढायला सुरुवात केली. रसायनतज्ज्ञ क्लोरोक्वीनच्या कड्यातल्या सातव्या जागेवरचा क्लोरीन तसाच ठेवतात, आणि चौथ्या जागेवरची साखळी आखूड करतात, लांबवतात किंवा तिला दुसरा जड गट जोडतात. हेतू हा की पीएफसीआरटीचं ते दार औषधाला बाहेर ढकलू शकणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांची सुरुवात ४,७-डायक्लोरोक्विनोलिनच्या बाटलीने होते ती याचमुळे.

डागडुजीचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण अमोडायक्वीन या मलेरियाच्या औषधाचं. त्याच्या बेंझीन कड्यावरच्या ओएच गटामुळे शरीरात एक तापट क्विनोन-इमीन तयार होतं आणि ते यकृताला, पांढऱ्या पेशींना इजा करतं. लिव्हरपूलच्या गटाने ओएच आणि बाजूची साखळी यांच्या जागांची फक्त अदलाबदल केली. अणू तेच, पण क्विनोन-इमीन व्हायचा मार्ग बंद. त्या रेणूचं नाव आयसोक्वीन.

दुसरी वाट लक्ष्य धरून जाण्याची. पायरीमेथामिन परजीवीच्या डीएचएफआर या विकराला अडवतं. त्या विकरातल्या १०८ व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्परजिन आलं की औषधाचा ताठ क्लोरोफेनिल कडं तिथे धडकतं. थायलंडमध्ये घडवलेल्या पी-२१८ मध्ये ताठ कड्याऐवजी लवचीक साखळी घातली, म्हणजे बदललेल्या खाचेतही ती वळून बसते.

तिसरी वाट भरमसाठ चाळण्याची. एका मोठ्या औषध कंपनीच्या स्पेनमधल्या केंद्राने जवळपास २० लाख संयुगं जिवंत परजीवीवर तपासली, त्यांतली साडेतेरा हजारांवर २ मायक्रोमोलर इतक्या कमी मात्रेला चालली, आणि २०१० मध्ये त्यांच्या रचना सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्या यादीतून एखादा सांगाडा उचलून त्यावर काम करायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी आपल्याकडे ती यादी उघडून पाहणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

६. सर, डॉकिंगचा स्कोअर उणे ९.८ आला. रेणू काम करतो असं लिहू का?

लिहू नका. डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत संगणकावर बसवून पाहणं; स्कोअर जितका उणे तितका चांगला. संगणकाने फक्त एवढं सांगितलं की त्या खाचेत हा रेणू बसू शकतो. तो तांबड्या पेशीत शिरतो का, परजीवीच्या आतपर्यंत पोचतो का, वाटेतच तुटतो का, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय रेणू मोठा केला की स्कोअर आपोआप सुधारतो. आधी चाचणी करून मग शोभेसाठी डॉकिंग जोडणं, हा आपल्याकडचा रिवाज तर सोडलेलाच बरा. डॉकिंग करायचंच तर बनवण्याआधी करा: पन्नासांतले कोणते दहा बनवायचे, हे ठरवायला.

७. टीएलसीवर एकच ठिपका आहे. कंपाउंड शुद्ध समजायचं ना?

नाही. टीएलसीत नमुन्यातले घटक पट्टीवर वेगळे होऊन ठिपके पडतात. दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये पट्टी लावली तर दोन ठिपके पडतील. जैविक चाचणीला पाठवायचं तर एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) किमान ९५ टक्के शुद्धता हवी. रचनेची खात्री देणारे प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर, मास हे तर हवेतच. क्लिक रिअ‍ॅक्शन लावली असेल (ती तांब्याच्या मदतीने ट्रायाझोल बनवते) तर तांब्याचे अंश राहिलेत का ते बघा. तांबं स्वतःच पेशी मारतं, आणि श्रेय मात्र तुमच्या ट्रायाझोलला मिळतं. नमुना डीएमएसओ या द्रावकात पूर्ण विरघळतो का, आणि तो द्राव पाण्यात घातल्यावर तळाशी साका बसत नाही ना, हे पाठवण्याआधी आपल्याच बेंचवर पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण फार कमी लोक करतात.

८. परजीवी प्रयोगशाळेत वाढवता येतो का? आमच्या कॉलेजात जमेल?

फाल्सिपॅरम वाढवता येतो. १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी माणसाच्या तांबड्या पेशींत तो सलग वाढवून दाखवला. ऑक्सिजन कमी करायला त्या काळी बंद बरणीत मेणबत्ती पेटवायचे. परजीवीचं चक्र ४८ तासांचं असतं. साधारण ७२ तास औषधात ठेवून, डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने किती परजीवी उरले ते मोजतात. व्हायवॅक्स असा सलग वाढत नाही, त्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये.

कॉलेजात? ताजं रक्त, त्यासाठी नैतिकता समितीची मान्यता, जैवसुरक्षा कक्ष, आणि २४ तास न जाणारी वीज. शेवटची अट वाचून तुम्ही हसला असाल. द्रव नायट्रोजन मात्र तुम्हाला वाटतो तितका दुर्मीळ नाही. कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातही असतो. तरी माझा सल्ला असा की आपण रेणू चांगले बनवावेत आणि चाचणी लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था अशा ठिकाणच्या गटांबरोबर करावी. तिथे वर्षानुवर्षांचा हात बसलेला असतो.

९. रिपोर्टमध्ये "आयसी-५० = १.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली" आलंय. चांगलं की वाईट?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

आयसी-५० म्हणजे परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा. आकडा जितका लहान तितका चांगला. पण मायक्रोग्रॅममध्ये तुलना करू नका. वजनदार आणि हलका रेणू एकाच तराजूत बसत नाहीत. तुमच्या रेणूचं रेणुभार ४०० धरा. १.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे ३.७५ मायक्रोमोलर. त्याच रिपोर्टमध्ये क्लोरोक्वीनसमोर ०.०२ मायक्रोग्रॅम असेल, तर त्याचा रेणुभार ३२०, म्हणजे ते सुमारे ०.०६ मायक्रोमोलर. तुमचा रेणू क्लोरोक्वीनपेक्षा ६० पट अशक्त निघाला. "क्लोरोक्वीनशी तुलनीय" असं वाक्य अशा आकड्यांवर छापलेलं मी पाहिलंय. सुरुवातीच्या रेणूला दखलपात्र म्हणायचं तर १ मायक्रोमोलरच्या खाली हवं, आणि औषधाच्या दिशेने जायचं तर त्याच्याही बरंच खाली.

मग विचारा, वाण कोणता? ३डी७ हा क्लोरोक्वीनला बळी पडणारा वाण. डीडी२, डब्ल्यू२, के१ हे दाद न देणारे. दोन्हींवर आकडा जवळपास सारखा आला तर तुमच्या रेणूत जीव आहे. फक्त ३डी७ वर केलेली चाचणी म्हणजे सोप्या पेपरात मिळालेले मार्क.

त्यानंतर विषारीपणा. माणसाच्या यकृताच्या हेपजी२ पेशी किंवा माकडाच्या व्हेरो पेशी निम्म्या मरायला ४० मायक्रोमोलर लागले, तर ४० भागिले ३.७५ म्हणजे साधारण ११. याला निवडकता निर्देशांक म्हणतात. तो दहाच्या आत असेल तर तुमचा रेणू परजीवी मारत नसून दिसेल ती पेशी मारतोय, अशी शंका घ्यायची.

शेवटी, चाचणी किती वेळा केली? वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा. आम्ही एकदा बारा कुप्या बाहेर पाठवल्या. त्यांतल्या दोनांत मुद्दाम नुसतं डीएमएसओ भरलं होतं. त्यातल्या एकीचा आकडा आमच्या सगळ्यांत चांगल्या रेणूपेक्षा सरस आला. लॅबचं नाव इथे नको. तेव्हापासून दर खेपेला एक कोरी कुपी आणि क्लोरोक्वीनची एक बिननावाची कुपी आम्ही घालतोच.

१०. चाल्कोन मलेरियावर चालतात, क्षयावर चालतात, कर्करोगावरही चालतात. एवढे गुणी कसे?

गुणी नाहीत, चिकट आहेत. चाल्कोनमधला कार्बोनिलशेजारचा दुहेरी बंध प्रथिनांतल्या सल्फर गटांना जाऊन चिकटतो, आणि तो कुठल्याही प्रथिनाला चिकटतो. रोडानिन, करक्युमिन यांचीही हीच गत: चाचणीत सगळीकडे "सक्रिय", पुढे कुठेच नाही. याचा अर्थ चाल्कोन बनवूच नयेत असा नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला अ‍ॅसिटोफिनोन, अल्डिहाइड आणि अल्कली घेऊन दिवसभरात होणारी यासारखी रिअ‍ॅक्शन नाही. फक्त तोच रेणू दुहेरी बंध काढूनही तपासा. तरीही चालला तर पुढे जा.

११. नळीतलं काम झालं. उंदरांवर काय करतात?

उंदरांना होणारा प्लाझ्मोडियम बर्घेई वापरतात. रूढ पद्धत पीटर्सची चार दिवसांची: पहिल्या दिवशी उंदराला संसर्ग देऊन चार दिवस औषध द्यायचं, मग शेपटीच्या रक्ताची काचपट्टी काढून परजीवी मोजायचे. नोंदणीकृत प्राणिगृह आणि प्राणी नैतिकता समितीची मान्यता याशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही.

अडचण इथे अशी की पोटात सुई टोचून दिलेलं औषध चालतं, आणि तेच तोंडाने दिलं की आतड्यातून शोषलंच जात नाही. मलेरियाचं औषध गोळी म्हणूनच हवं. म्हणून तोंडाने दिल्याचे आकडे नसतील तर उंदरांच्या निकालावर फार खूश होऊ नका. आणि बर्घेई म्हणजे फाल्सिपॅरम नव्हे. म्हणून पुढच्या टप्प्यावर माणसाच्या तांबड्या पेशी चढवलेले खास उंदीर वापरतात.

१२. भाऊ मुंबईला कामाला होता. बरा होऊन गावी आला तरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ताप. नवं औषध यावर नाही का?

आधी पुन्हा रक्त तपासा. व्हायवॅक्स असेल तर त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. क्लोरोक्वीन रक्तातले मारतं, झोपलेले नाही. त्यासाठी प्रायमाक्वीनचा १४ दिवसांचा कोर्स असतो. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो म्हणून बरेच जण पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतात, आणि ताप परत येतो. मात्र ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटतात, आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

रसायनतज्ज्ञासाठी ही सगळ्यांत अवघड जागा. झोपलेल्या परजीवीवर चालणारी औषधं एकाच घराण्यातली: १९५२ पासूनचं प्रायमाक्वीन आणि एकाच मात्रेत काम करणारं टॅफेनोक्वीन, ज्याला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. दोघांनाही जी-सिक्स-पीडीची अडचण आहेच. चाचणी करायची तर यकृताच्या पेशी आणि डासांतून काढलेले परजीवी लागतात, किंवा माकडांतला सायनोमॉल्गी. आपला रेणू "मलेरियावर चालतो" असं लिहिताना तो रक्तातल्या अवस्थेवर चालतो, एवढंच लिहा.

१३. माणसांवरच्या चाचणीत गरिबांना प्रयोगाचं जनावर करतात, खरं का?

भीती अनाठायी नाही, पण नियम आता कडक आहेत. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर सक्तीची आहे. कुणी गावात येऊन सही मागितली तर तो नोंदणी क्रमांक विचारा, मराठीतला संमतीपत्राचा कागद घरी नेऊन वाचा, आणि मध्येच बाहेर पडता येतं हे लक्षात ठेवा.

१४. औषध दिल्यावर रुग्ण बरा झाला, पण २८ दिवसांच्या आत पुन्हा परजीवी दिसले. औषध हरलं का?

लगेच ठरवता येत नाही. जुनाच परजीवी उरला असेल, किंवा रुग्णाला नवा डास चावला असेल. म्हणून पहिल्या दिवशीचं आणि पुन्हा ताप आल्यावरचं, अशा दोन्ही रक्तांतल्या परजीवींच्या जनुकांची पीसीआरने तुलना करतात. ठसा जुळला तर औषध हरलं, वेगळा निघाला तर नवा संसर्ग. व्हायवॅक्समध्ये यकृतातून उठलेला परजीवी कोणत्याही ठशाचा असू शकतो, म्हणून तिथे हा हिशेब बसत नाही (प्रश्न १२ पाहा).

१५. भारतात एखादा कृत्रिम रेणू शेवटपर्यंत पोचलाय का?

आर्टेरोलेन. आर्टेमिसिनिनची सगळी ताकद त्यातल्या ऑक्सिजन-ऑक्सिजन पुलात आहे. तो पूल ठेवून बाकीचा सांगाडा अमेरिकेत नेब्रास्काच्या गटाने कृत्रिमरीत्या रचला. रुग्णांच्या रक्तात औषधाची पातळी निरोगी माणसांपेक्षा कमी भरली, आणि जिनिव्हाच्या मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचरने हात काढून घेतला. रॅनबॅक्सीने काम सोडलं नाही. पायपराक्वीनची जोड देऊन २५ एप्रिल २०१२ ला, जागतिक मलेरिया दिनी, गोळी बाजारात आणली: रोज एक, तीन दिवस. त्याचाच धाकटा भाऊ आर्टेफेनोमेल. तो शरीरात जास्त टिकायचा आणि एकाच मात्रेत रोग संपवायच्या आशेने त्याच्यावर वर्षं घातली गेली. पण तो पाण्यात विरघळेना, मुलांना देण्याजोगं रूप जमेना, आणि शेवटी गाडी थांबली. वर्गात विद्राव्यतेचा धडा कंटाळवाणा वाटतो तेव्हा मी हे सांगतो.

१६. लस आली म्हणतात. आता औषधाचं काम संपलं का?

नाही. आरटीएस,एस आणि पुण्यात तयार होणारी आर-२१ या लसी फाल्सिपॅरमवर, मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहेत आणि त्यांचं संरक्षण अपुरं आहे. व्हायवॅक्सवर त्या चालत नाहीत.

१७. आधी पेपर छापू की पेटंटचा अर्ज करू?

खरंच पेटंटजोगं असेल तर आधी अर्ज. पेपर, परिषदेतलं पोस्टर, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढलेला प्रबंध, यांतलं काहीही आधी जाहीर झालं तर नवेपणा गेला असं धरतात. विद्यापीठात प्रबंध काही काळ बंद ठेवायची सोय आहे का, ते सादर करण्याआधी विचारा. पण प्रश्न ९ मधला हिशेब मांडून पाहिल्याशिवाय फीचे पैसे घालू नका.

१८. सर, अठरा कंपाउंड बनवले, एकही चाललं नाही. प्रबंधात काय लिहू?

अठराच्या अठरा लिहा. रचना, शुद्धता, वाण, मायक्रोमोलरमधला आकडा, आणि "१० मायक्रोमोलरपर्यंत परिणाम नाही" असं स्पष्ट. अमुक जागी मिथॉक्सी गट घातल्याने काही होत नाही, हे पुढच्या मुलीला कळलं तर तिचे सहा महिने वाचतील. परीक्षकांनी नाक मुरडलं तर क्लोरोक्वीनची गोष्ट सांगा: १९३४ मध्ये जर्मनीत हान्स अँडरसागने ते बनवलं, जास्त विषारी म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते पुन्हा तपासल्यावर जगभर गेलं.

कुप्या मात्र फेकू नका. प्रत्येकीवर कोड, तारीख आणि वजन लिहून फ्रीजमध्ये ठेवा. मार्करने लिहिलेलं क्लोरोफॉर्मच्या एका थेंबाने पुसतं. पेन्सिलीने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा.